आयआरवर पावडर कोटिंगमधलं पॉलिमर दर वेळी वेगळं येतंय? मशीनला शिव्या द्यायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेम असा. पिशवी एकच, एफटीआयआर (सॅम्पल कुठला इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतं ते मोजणारं मशीन) एकच, मेथड एकच, आणि सोमवारी पॉलिमर ५८ टक्के, मंगळवारी ६६, बुधवारी दुसऱ्या कोणी लावलं तर ६१. वैतागून फर्नेसमध्ये जाळून बघितलं तर चौथाच आकडा. आमच्याकडे हा त्रास दर दोन-तीन महिन्यांनी डोकं वर काढायचा. मग कोणी बॅकग्राउंड (सॅम्पल न लावता घेतलेला स्पेक्ट्रम) नवा घ्यायचं, कोणी क्रिस्टल पुसायचं, कोणी सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करायचं, आकडा योगायोगाने जुळायचा, सगळे खूश, आणि पुढच्या लॉटला पुन्हा तेच रडगाणं. शेवटी मी एक आठवडा फक्त याच्यावरच बसले आणि तेव्हा कळलं की आम्ही ज्याला एक प्रॉब्लेम समजत होतो ते दोन होते, एक आकडा हलण्याचा आणि एक आकडा चुकीच्या जागी स्थिर राहण्याचा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देत होतो म्हणून काहीच टिकत नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्याकडे यातलं काय आहे ते ओळखा. अर्धा तास लागतो. पावडर एटीआरच्या (सॅम्पल क्रिस्टलला टेकवून मोजायची सोय) क्रिस्टलवर ठेवा, क्लॅम्प आवळा आणि काहीही न हलवता सलग दहा स्पेक्ट्रा घ्या. हे दहा आकडे जवळजवळ एकसारखेच यायला हवेत. आले तर मशीन ठीक आहे, विषय संपला, तिकडे परत बघू नका. नाही आले तर मात्र खरंच मशीनकडे बघा, पॉलिस्टायरीनची फिल्म लावा, १६०१ चा पीक (पीकांचे सगळे आकडे वेव्हनंबरचे, cm⁻¹ मध्ये) जागेवर आहे का, सिग्नल पडलाय का वगैरे. आता तीच पावडर काढा, क्रिस्टल पुसा, नवीन चिमूट घ्या, आवळा, एक स्पेक्ट्रम. असं दहा वेळा. आमच्याकडे पहिल्या दहात फरक नावालाच होता आणि दुसऱ्या दहात कार्बोनिलच्या (पॉलिस्टरमधल्या C=O चा, १७२० जवळचा) पीकची उंची एकदा ०.१४, एकदा ०.२३. आमचा ज्युनियर तोपर्यंत "मॅडम, मशीनच गंडलंय, इंजिनियरला बोलवू" म्हणत होता, हे दोन ग्राफ शेजारी ठेवल्यावर गप्प झाला.

आता हे असं का होतं. एटीआरमध्ये प्रकाश सॅम्पलमधून आरपार जात नाही, क्रिस्टलच्या पृष्ठभागाबाहेर जरासा डोकावतो आणि परत फिरतो. किती डोकावतो? हिऱ्याचा क्रिस्टल, ४५ अंश कोन, सॅम्पलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा) १.५ धरला तर १७२० ला साधारण १.२ मायक्रॉन आणि १००० ला २ मायक्रॉन. आणि पावडरचा दाणा केवढा? सरासरी ३०-४० मायक्रॉन. म्हणजे टेकडीच्या पायथ्याची दोन बोटं माती उकरून टेकडीत काय आहे ते सांगायचं, असा प्रकार. त्यातून दाणे वेडेवाकडे, दळलेले, कोपरे असलेले, क्रिस्टलला कुठे टेकतात कुठे नाही, मधे हवा. ती हवा पण मोजली जाते, म्हणजे मोजली जात नाही हाच प्रॉब्लेम. पीकची उंची तेव्हा पॉलिमर किती आहे यापेक्षा दाणे किती टेकलेत हेच जास्त सांगते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर क्लॅम्प अगदी सैल ठेवून स्पेक्ट्रम घ्या, मग पाव फेरा आवळा, परत घ्या, परत पाव फेरा. पीक वाढत जातात, वाढत जातात आणि मग एका जागी थबकतात. ज्यांच्या क्लॅम्पला टक् आवाज करून थांबणारा स्क्रू आहे ते सुखी, बाकीच्यांनी निदान फेरे मोजा. पण एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, आवळताना सगळे पीक सारख्याच प्रमाणात वाढत नाहीत. रेझिन, म्हणजे आपलं पॉलिमर, मऊ असतं, दाबलं की हिऱ्यावर चेपून बसतं, फिलरचा (भर म्हणून घातलेल्या खनिजाचा) कडक कण तसा बसत नाही, त्यामुळे आमच्या पावडरींमध्ये जास्त आवळलं की पॉलिमर थोडं जास्त दिसायचं. म्हणजे "आम्ही रेशो (पॉलिमरचा पीक भागिले फिलरचा पीक) घेतो, आम्हाला दाबाचं काय" असं म्हणून पण सुटका नाही.

तरी रेशो घ्यायलाच हवा, हे मात्र पक्कं. एटीआरवर एकट्या पीकच्या उंचीवरून टक्केवारी काढणारी मेथड कोणी लिहून दिली असेल तर ती फाडा. आमच्याकडे नेमकी तीच चालू होती, १७२० ची उंची घ्या, एक्सेलमध्ये टाका, टक्के आले. मेथड लिहिली गेली तेव्हा एकच माणूस सगळं करायचा, त्याचा हात ठरलेला होता, म्हणून आकडे जुळायचे. तो गेला आणि मेथडही त्याच्याबरोबर गेली असं म्हणायला हरकत नाही.

तर हलणाऱ्या आकड्यावरचा आमचा उपाय: पावडर पावडर म्हणून मोजायचीच नाही. चमचाभर पावडर दोन टेफ्लॉनच्या शीटमध्ये ठेवायची, ११०-१२० डिग्रीच्या हॉट प्लेटवर साधारण मिनिटभर, वरून सपाट वजन, ती वितळून एक गुळगुळीत चकती होते, गार झाली की क्रिस्टलवर ठेवायची. दाणेच नाहीत तर दाणे टेकण्याचा प्रश्नच नाही. बहुतेक रेझिन ५०-७० डिग्रीला मऊ पडायला लागतात आणि क्युअरिंगला (तापून कायमचं कडक व्हायला) नेहमीच्या पावडरला १६०-२०० लागतं, त्यामुळे मधल्या या तापमानाला थोडा वेळ चालून जातं. खात्री करायची असेल तर इपॉक्सी असलेल्या पावडरमध्ये ९१५ चा इपॉक्साइड रिंगचा छोटा पीक चकती करण्याआधी आणि नंतर बघा, तो बारीक झाला असेल तर तुमची चकती क्युअर व्हायला लागलीये, वेळ कमी करा. लो-बेक (कमी तापमानाला क्युअर होणारी) पावडर असेल तर जास्तच सांभाळून. आणि टीजीआयसीवाली (हा विषारी हार्डनर, म्हणजे रेझिनला क्युअर करणारं रसायन) पावडर असेल तर मास्क-ग्लोव्ह्ज घालूनच हाताळा, थोडीशीच आहे म्हणून काय होतंय असं करू नका.

चकतीच्या दोन्ही बाजूंवर, वेगवेगळ्या जागी, मिळून पाच स्पेक्ट्रा. चकत्या तीन. सगळ्यांचा रेशो काढून सरासरी. हे सुरू केल्यावर आमच्या आकड्यांमधला फरक जो आठ-आठ टक्क्यांचा होता तो दीड-दोन टक्क्यांत आला, आणि ज्युनियरने लावलं काय नि मी लावलं काय, सारखंच.

यात पण आम्ही एकदा आपटलो. एके दिवशी सगळ्याच सॅम्पलमध्ये बेरियम सल्फेट वाढलेलं दिसायला लागलं, ज्या पावडरमध्ये ते टाकलेलंच नाही तिच्यात सुद्धा. दोन दिवस शोधाशोध. शेवटी टेफ्लॉनची शीट जुनी झाली होती, घासून घासून पांढरट पडलेली, आणि तिचा अंश चकतीला लागत होता. टेफ्लॉनचे पीक १२०० आणि ११५० ला येतात, बेरियम सल्फेटचा रुंद डोंगर ११८० पासून १०८० पर्यंत पसरलेला, दोघं एकमेकांच्या अंगावर. शीट बदलली, भूत गेलं. कोणी म्हणेल मग पॉलिइमाइडची शीट वापरा, तर तिचा स्वतःचा कार्बोनिल १७२० च्या आसपासच बसतो, म्हणजे चोराच्या हाती किल्ली. सिलिकॉनचा रिलीज स्प्रे तर अजिबात नको, १२६०, १०९० आणि ८०० ला तो सगळीकडे दिसतो. आणि आयसोप्रोपेनॉलने क्रिस्टल पुसल्यावर वाळू द्या, घाईत लावलं तर ९५० च्या आसपास त्याचा पीक डोकावतो आणि तुम्ही बेरियम सल्फेटच्या ९८३ च्या पीकची बेसलाइन त्याच्यावर टेकवता.

आता कुठले पीक घ्यायचे. इथे माझं मत जरा ठाम आहे कारण इथेच सगळ्यात जास्त चुका बघितल्यात.

पॉलिस्टरचा एस्टर कार्बोनिल १७२० च्या जवळ, मोठा, स्वच्छ, कुठलाही नेहमीचा फिलर तिथे येत नाही, म्हणून पॉलिमरसाठी तोच घ्यायचा. एटीआरमध्ये तो ट्रान्समिशनपेक्षा (प्रकाश सॅम्पलमधून आरपार सोडून मोजणं) काही आकडे खाली सरकलेला दिसतो, घाबरू नका, पुढे सांगते का ते. पण हायब्रिड पावडर असेल, इपॉक्सी आणि पॉलिस्टर मिक्स, तर एकट्या १७२० वरून एकूण पॉलिमर काढता येत नाही, कारण इपॉक्सीला कार्बोनिल नाहीच. पन्नास-पन्नासच्या जागी कोणी सत्तर-तीस केलं की १७२० वाढतो किंवा पडतो आणि तुम्हाला वाटतं पॉलिमरच बदललं. तिथे इपॉक्सीचा १५१० सोबत घ्यायचा आणि दोघांचं कॅलिब्रेशन वेगवेगळं करायचं. याला आणखी एक वाट आहे, २८०० ते ३००० मधला सी-एचचा भाग, तो सगळ्या ऑरगॅनिकमध्ये असतो आणि बहुतेक फिलरमध्ये नसतो. एटीआरवर तो भाग दुबळा येतो, केबीआर पेलेटवर (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये पावडर घोटून दाबलेली गोळी, ट्रान्समिशनसाठी) बरा. फक्त वॅक्स जास्त असेल किंवा स्टिअरेट लावलेलं कार्बोनेट असेल तर तेही त्यातच मोजलं जाणार.

फिलरच्या बाजूला बेरियम सल्फेट असेल तर ९८३ चा बारीक टोकदार पीक किंवा ६३५-६१० ची जोडी. जोडी सुंदर आहे पण दोन अडचणी, एक म्हणजे टायटेनियम डायऑक्साइड ८०० च्या खाली जो रुंद उतार टाकतो त्याच्यावर ती बसलेली असते म्हणून बेसलाइन पीकच्या अगदी पायाशी घ्यावी लागते, आणि दुसरी, झिंक सेलेनाइडचा क्रिस्टल असेल तर तो ६५० च्या आसपासच आंधळा होतो, तुम्हाला ती जोडी दिसणारच नाही. हिरा असेल तर दिसते. एकाने मला "आमच्या पावडरमध्ये बराइट (म्हणजे बेरियम सल्फेट) नाहीये, ६१० ला काहीच नाही" असं छातीठोक सांगितलं होतं, क्रिस्टल कुठला ते विचारल्यावर विषय मिटला.

कॅल्शियम कार्बोनेट हा खरा डांबिस. १४२०-१४५० ला रुंद ढेकूळ, ८७५ ला टोकदार, ७१२ ला छोटा. सगळे ८७५ घेतात कारण दिसायला छान आहे. पण टेरेफ्थॅलेटवाल्या पॉलिस्टरचा स्वतःचा एक पीक ८७३-८७५ ला आहे! म्हणजे तुम्ही पॉलिमर भागिले फिलर असा रेशो काढताय आणि खालच्या आकड्यात पॉलिमरच मिसळलंय. कार्बोनेट कमी असलेल्या पावडरमध्ये याने काय गोंधळ होतो ते विचारू नका. ७१२ घ्यावा तर शेजारी ७३० ला पॉलिस्टरच्याच बेंझिन रिंगचा पीक उभा. मी शेवटी कोरं रेझिन घेऊन त्याचा स्पेक्ट्रम काढला, १७२० च्या मानाने त्याचा ८७५ किती ते ठरवलं आणि तेवढं वजा करायला सुरुवात केली. ट्रान्समिशनमध्ये करत असाल तर कार्बोनेटचे १७९५ आणि २५१० चे दुबळे पीक बघा, तिथे तेवढी गर्दी नसते.

बॅकग्राउंडबद्दल थोडक्यात. खोलीतल्या वाफेच्या रेषा १३०० ते १९०० मधे पसरलेल्या असतात, कार्बोनिल बरोबर त्यांच्या मधोमध. सकाळी घेतलेला बॅकग्राउंड दुपारपर्यंत वापरू नका. झालं.

आता दुसरा प्रॉब्लेम, आकडा स्थिर आहे पण चुकीचा आहे. इथे मी आधी आयआर सोडून फर्नेसकडे बोट दाखवणार, कारण लोक आयआरचा आकडा राखेशी जुळवून बघतात आणि राखच चुकलेली असते. हिशोब करून बघा. पावडरमध्ये ६० टक्के ऑरगॅनिक, २० टायटेनियम डायऑक्साइड, २० कॅल्शियम कार्बोनेट. ५०० डिग्रीला जाळलं तर मागे ४० उरतं, पॉलिमर ६०, बरोबर. तेच कोणी ९०० ला ठेवलं तर कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्याचं ४४ टक्के वजन, म्हणजे २० चे ८.८ गेले, मागे ३१.२, आणि तुम्ही म्हणता पॉलिमर ६८.८. जवळजवळ नऊ टक्क्यांची भर हवेतून! ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असेल तर त्याहून वाईट, ते २००-३०० डिग्रीलाच पाणी सोडायला लागतं आणि आपल्या वजनाचा एक तृतीयांश भाग घालवतं, मग ५०० ला ठेवूनही सुटका नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. दोन फर्नेस होत्या, एक ५०० ला, एक दुसऱ्या कामासाठी कायम ९०० ला, आणि ज्या दिवशी पहिली भरलेली असेल त्या दिवशी क्रुसिबल सरळ दुसरीत जायचं, "जास्त तापमान म्हणजे जास्त नीट जळणार" या भाबड्या विश्वासाने. मला संशय आल्यावर मी दोन्हीकडची राख घेतली आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एकेक थेंब टाकला. ५०० वाली फसफसली, थेंबाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची झालर उठली. ९०० वाली गप्प, नुसती कोमट झाली. कार्बोनेट होतं तिथे आता चुना होता. ही टेस्ट मूळ पावडरवर करू नका, तिथे प्रत्येक कणाला रेझिनने लपेटलेलं असतं, ॲसिड आत पोचत नाही आणि तुम्हाला वाटतं कार्बोनेट नाहीच.

राखेबद्दल आणखी दोन गोष्टी. क्रुसिबल तापलेल्या फर्नेसमध्ये एकदम ढकलू नका, पावडर भडकते आणि धुराबरोबर बारीक पिगमेंटही उडतं, हळूहळू चढवा. आणि राख करडी-काळी दिसत असेल तर अजून कोळसा शिल्लक आहे, परत ठेवा, वजन थांबेपर्यंत.

आणि एक मुळातलाच गैरसमज. राखेतून जो आकडा येतो तो "जळून गेलेलं सगळं" असतो, त्यात रेझिन आलं, हार्डनर आला, फ्लो एजंट, बेंझॉइन, वॅक्स, ऑरगॅनिक पिगमेंट, कार्बन ब्लॅकसुद्धा. आयआरचा १७२० फक्त एस्टर बघतो. दोघं तंतोतंत जुळणार नाहीतच, जुळले तर मलाच शंका येते. आपण नक्की काय मोजतोय, रेझिन, की रेझिन अधिक हार्डनर, की सगळं ऑरगॅनिक, हे मेथडच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा, नाहीतर दोन डिपार्टमेंट दोन आकड्यांवरून भांडत बसतात आणि दोघंही बरोबर असतात.

फर्नेस नीट केल्यावर आमचे बहुतेक शेड जुळले. पांढरे नाही जुळले. गडद शेड ठीक, पांढऱ्या शेडमध्ये गडबड, आणि ती दर वेळी एकाच दिशेला. इथे तो कार्बोनिल सरकण्याचा मुद्दा येतो. एटीआरची खोली सॅम्पलच्या रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सवर अवलंबून असते, आणि टायटेनियम डायऑक्साइडचा इंडेक्स रेझिनच्या मानाने खूपच जास्त. पांढऱ्या पावडरमध्ये वजनाने ३० टक्के टायटेनियम असेल तर घनता बघता आकारमानाने ते ११ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि मिश्रणाचा सरासरी इंडेक्स १.५ वरून १.६ च्या जवळ जातो. दिसायला फरक एवढासा. पण हिऱ्यावर ४५ अंशाला १००० च्या पीकसाठी खोली २ मायक्रॉनवरून २.८ होते! चाळीस टक्के वाढ. आणि इंडेक्स १.७ ला पोचला की हिऱ्यावर पूर्ण परावर्तनच होत नाही, म्हणजे एटीआर एटीआर राहतच नाही. मोठ्या पीकच्या कमी वेव्हनंबरच्या बाजूला इंडेक्स आपोआप वर उसळतो, त्यामुळे पीक तिकडे झुकतो, वाकडा होतो आणि त्याचा माथा सरकतो. रेशोमध्ये यातलं बरंचसं कटतं, पण सगळं नाही, कारण १७२० च्या जवळचा इंडेक्स वेगळा आणि ९८३ च्या जवळचा वेगळा.

याला सॉफ्टवेअरमधलं ते एटीआर करेक्शनचं बटण पुरेसं नाही, साधं करेक्शन फक्त खोली वेव्हनंबरप्रमाणे बदलते तेवढंच दुरुस्त करतं. दोन खरे उपाय. पहिला, जर्मेनियमचा क्रिस्टल. त्याचा स्वतःचा इंडेक्स ४, तिथे सॅम्पल १.५ असो की १.६, खोली ०.६६ वरून ०.६८ मायक्रॉन, एवढाच फरक. पीक सरळ उभे राहतात. त्याची किंमत अशी की सिग्नल कमी, स्कॅन जास्त घ्यावे लागतात, आणि जर्मेनियम ठिसूळ असतं, त्याच्यावर कोरडी पावडर आवळलीत तर ओरखडे पडणार, चकती करूनच लावा. दुसरा उपाय, कॅलिब्रेशनचे स्टँडर्ड (टक्केवारी आधीच माहीत असलेली सॅम्पल) पांढऱ्यासाठी वेगळे, त्यात टायटेनियम तेवढंच टाकलेलं. आम्ही दुसरा केला कारण तोपर्यंत क्रिस्टलला मंजुरी मिळायची वाट बघण्याची ताकद संपली होती.

कॅलिब्रेशनचा विषय निघालाच आहे तर, रेशोचा ग्राफ टक्क्यांसमोर काढू नका. पॉलिमर ५० टक्के तर पॉलिमर भागिले फिलर १, ६० ला १.५, ७० ला २.३३, ८० ला ४. ही सरळ रेषा नाहीच, आणि आमच्या जुन्या एक्सेलमध्ये कोणीतरी याच्यातून सरळ रेषा ओढून ठेवलेली, मधे बरी बसायची, दोन्ही टोकांना फसायची. रेशो वजनांच्या रेशोसमोर काढा, ती सरळ येते, मग टक्क्यांत बदला. स्टँडर्ड निदान पाच, आणि ते नुसते खलबत्त्यात कालवलेले नकोत, एक्स्ट्रूडरमधून काढून दळलेले हवेत, कारण कालवलेल्यात रेझिनचा दाणा वेगळा आणि फिलरचा वेगळा, खऱ्या पावडरसारखं ते नसतंच.

पीएलएस (अख्ख्या स्पेक्ट्रमवरून टक्केवारी काढणारं स्टॅटिस्टिकल मॉडेल) करू या असं दर मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं. करा, पण स्टँडर्डमध्ये प्रत्येक वेळी रेझिन वाढलं की बराइट कमी अशीच जोडी असेल तर मॉडेल रेझिन शिकतच नाही, ते बराइट मोजतं आणि शंभरातून वजा करतं. मग ज्या दिवशी बराइटच्या जागी कार्बोनेट आलं त्या दिवशी बोंब. बदल एकमेकांपासून सुटे ठेवा, रेझिन तेच आणि फिलर अदलाबदल, असे पण स्टँडर्ड हवेत.

आणि हे सगळं नीट असूनही एखाद्या दिवशी अचानक सगळे लॉट तीन-चार टक्के सरकले तर पर्चेसला फोन करा. रेझिनचा ग्रेड बदललाय का विचारा. बाहेरच्या कामाच्या, उन्हात टिकणाऱ्या पॉलिस्टरमध्ये टेरेफ्थॅलिकच्या जागी आयसोफ्थॅलिक ॲसिड असतं, किलोमागे एस्टर किती हे सगळ्या ग्रेडमध्ये सारखं नसतं, म्हणून जुना रेशो नव्या ग्रेडला लागत नाही. स्पेक्ट्रममध्येच खूण सापडते, १२६८ चा मोठा पीक लहान होऊन १३०४ आणि १२३२ ला जोडी उठली असेल तर ग्रेड बदललाय. आम्हाला हे फोन न करताच कळलं होतं, मी स्पेक्ट्रम जुन्यावर टाकून बघितला, पर्चेसवाले म्हणाले "काही बदललं नाही", आणि दोन तासांनी त्यांचाच फोन आला की हो, मागच्या महिन्यात दुसरा ग्रेड घेतला होता. तेव्हापासून नवीन रेझिनची गोणी आली की आधी तिची एक चकती आयआरवर जाते, मगच ती गोणी एक्स्ट्रूडरकडे.

ज्यांच्याकडे एटीआर नाही, केबीआर पेलेटच आहे, त्यांच्यासाठी एवढंच की २०० मिलिग्रॅम केबीआरमध्ये १ मिलिग्रॅम पावडर तोलताना ०.१ ची चूक म्हणजे सरळ दहा टक्के, ती नीट तोलूनच टाळायची, आणि पेलेटच्या जाडीसाठी केबीआरमध्ये आधीच पोटॅशियम थायोसायनेट मोजून घोटून ठेवा, त्याचा पीक २०६० च्या आसपास मोकळ्या जागेत येतो, पॉलिमरचा पीक त्याच्याशी भागा, मग पेलेट जाड-पातळ झालं तरी फरक पडत नाही. घोटताना रेझिन गरम होऊन चिकटतं, लिक्विड नायट्रोजनमध्ये गार करून घोटलं तर बारीक होतं.

राहता राहिल्या काळ्या शेड. कार्बन ब्लॅक सगळीकडे शोषतो, बेसलाइन डावीकडून उजवीकडे चढत जाते, हिऱ्यावर पीक वाकडे होतात, आणि राखेत कार्बन ब्लॅक पॉलिमरबरोबर जळून जातो. त्यांच्यासाठी मी आयआरचा हट्ट सोडला. टीजीएवर (तापवत नेताना वजन किती घटतं ते मोजणारं मशीन) आधी नायट्रोजनमध्ये ६०० पर्यंत, मग हवा सोडायची, पहिल्या पायरीत बहुतेक रेझिन जातं, दुसऱ्या पायरीत कार्बन ब्लॅक आणि रेझिनचा उरलेला थोडा कोळसा. तो कोळसा किती ते त्याच रेझिनची पारदर्शक पावडर एकदा चालवून ठरवलंय आणि मशीनच्या बाजूला चिठ्ठीवर चिकटवलंय.